वडिलांचा धंदा

अलीकडे आमच्या नातीचा जन्मदाखला घरी आला. तिच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांची नावं सरकारी कागदपत्रांवर अशी लिहायची, असा निर्णय झाला आहे. सूनबाई खूष झाल्या. मला मात्र १९७८ सालच्या जून महिन्यातलं आमच्या शाळेचं जनरल रजिस्टर आठवलं आणि त्यात माझ्या हातून झालेली एक चूक. बरीच वर्षं ती मनात आहे. आज लिहून टाकते.

मी तेव्हा पिंपरीकडच्या एका खाजगी मराठी शाळेत शिकवत होते. प्रवेशाचे दिवस, बाहेर पाऊस, आणि टेबलासमोर पांढरं मुंडू नेसलेले एक गृहस्थ, सोबत आठ वर्षांचा मुलगा आणि त्याची पाचेक वर्षांची बहीण. केरळातून आठवड्यापूर्वीच आले होते. मराठी येत नव्हतं, हिंदी मोडकंतोडकं. नाव, जन्मतारीख, जन्मगाव असं करत मी एका रकान्यापाशी आले: 'वडिलांचा धंदा'. ते थांबले. मग हळूच म्हणाले, "नो जॉब. वाइफ, नर्स."

मी लिहिलं, 'काही नाही'. आणि दया येऊन मुलाचं नाव नादारीच्या यादीत घातलं. आपण केवढं पुण्य केलं असं वाटलं मला.

चार दिवसांनी सकाळी त्या मुलाची आई आली. रात्रपाळी संपवून थेट शाळेत. पांढरी साडी, तारवटलेले डोळे. त्या म्हणाल्या, "बाई, आमच्या घरी पगार येतो. माझा. फी मी देणार. ते नाव काढा." मी काढलं. मग त्यांनी रजिस्टरकडे बोट दाखवलं, "आणि इथे नर्स लिहा."

मी म्हटलं, "सिस्टर, तो रकाना वडिलांचा आहे. आईचा रकाना नाही."

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि फी भरून निघून गेल्या.

पुढे आमची चांगली ओळख झाली. गंमत म्हणजे त्यांचं मराठी सगळं वॉर्डातलं होतं. कळ, उमासे, ठणका, गुंगी हे शब्द अचूक, पण भाजीवाल्याकडे दोडका आणि पडवळ बोटाने दाखवायच्या. पेशंटकडून शिकलेली भाषा! त्या सांगत तेव्हा हळूहळू माझ्या लक्षात आलं की ही एका बाईची गोष्ट नाही, हा मोठा इतिहास आहे. मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालेली, इतिहासही शाळेत शिकवलेला, पण ह्याबद्दल एक ओळ वाचलेली नव्हती.

आपल्याकडे नर्सचं काम करायला बायका तयार नसत. अनोळखी माणसांचं अंग पुसायचं, मलमूत्र काढायचं, रात्री घराबाहेर राहायचं. सोवळंओवळं आणि अब्रू दोन्ही आड यायचं. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं आणि तिथल्या बायकांना नर्सिंग शिकायला ससून रुग्णालयात पाठवलं, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला, त्यात ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७००० नर्स असल्याची नोंद आहे. म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. त्याच वेळी इंग्लंडात ३०० माणसांमागे एक होती.

स्वातंत्र्यानंतर सरकारी इस्पितळं वाढली, कारखान्यांची इस्पितळं निघाली. एवढ्या नर्स आणायच्या कुठून? त्या मोठ्या प्रमाणात आल्या केरळातून, आणि त्यांतही ख्रिस्ती कुटुंबांतून. तिथे मिशनऱ्यांमुळे मुलींचं शिक्षण लवकर रुजलं होतं आणि शुश्रूषेच्या कामाला धर्माचं पाठबळ होतं. दुसरं कारण साध्या हिशेबाचं. नर्सिंग शिकताना राहायला-जेवायला मिळे, वर थोडा स्टायपेंड मिळे. बापाकडे पैसा नसला तरी मुलगी शिकू शकत होती. मग तिच्या पगारातून भावंडांची शिक्षणं, घराची कौलं, आणि स्वतःच्या लग्नाचा हुंडासुद्धा.

आमच्या सिस्टर त्याच वाटेने आल्या. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली. त्याआधी केरळहून इकडे येणारी गाडी पालघाट, गुंतकल, सोलापूर असा वळसा घालून यायची. पत्र्याची पेटी आणि लोणच्याची बरणी घेऊन त्या एकट्या आल्या तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. लग्न गावी जाऊन झालं, नवरा गावी राहिला, त्या सुट्टी संपताच परत. दोन्ही बाळंतपणं गावी. मूल काही महिन्यांचं झालं की आजीपाशी ठेवून ड्युटीवर. नर्सेसच्या वसतिगृहात नवऱ्याला आणि मुलांना कुठली जागा? खोली बघायला गेल्या की घरमालक विचारी, "रात्रपाळी असते का?" असते म्हटलं की खोली नुकतीच दिलेली असे. १९७८ मध्ये खोली मिळाली तेव्हा कुठे कुटुंब एकत्र आलं. पहिले काही दिवस धाकटी आईला बघून बापाच्या मागे लपायची. त्या हे सांगताना हसत होत्या, मला मात्र हसू आलं नाही.

आणि नवरा? गावी तो शेतकरी होता, चर्चमध्ये मान होता. इथे तो 'नर्सचा नवरा' झाला. सकाळी मुलांच्या वेण्या-भांग करून शाळेत आणायचा, दुपारी डबा घेऊन इस्पितळाच्या फाटकाशी उभा असायचा. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही त्यावर हसू व्हायचं. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू? शिवाय काळ कसा होता पाहा. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली आणि सुरुवातीच्या वर्षांत मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध मोठी मोहीम चालली. 'लुंगीवाला' हा शब्द तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांच्याही तोंडात होता. सिस्टरना रस्त्यात लोक नमस्कार करत, त्यांच्या नवऱ्यामागे पोरं ओरडत. तिला तिच्या पांढऱ्या साडीचं संरक्षण होतं, त्याला कसलंच नव्हतं.

मी माझ्याशीच ताडून पाहिलं. मीही लग्न होऊन सातारकडच्या गावातून ह्या शहरात आले. नवऱ्याची नोकरी इथे, म्हणून मी इथे. त्याबद्दल मला कोणी हसलं नाही, कोणी काही विचारलंही नाही. बायकोने नवऱ्यामागे जायचं हे जगरहाटीत बसतं. नवरा बायकोमागे आला की त्याला रकाना सापडत नाही.

हे फक्त पुण्या-मुंबईत घडलं असंही नाही. १९६० च्या दशकात त्याच केरळातून कॅथलिक चर्चच्या ओळखीने मुली पश्चिम जर्मनीत नर्स म्हणून गेल्या. पुढे त्यांचे नवरे गेले, तर त्यांना पहिली काही वर्षं कामाचा परवानाच मिळत नसे. शिकलेसवरलेले पुरुष घरी मुलं सांभाळत बसले. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारं उघडली, तिथेही हेच. शिबा जॉर्ज ह्या अभ्यासक बाईंनी २००५ साली ह्या कुटुंबांवर एक पुस्तक लिहिलं. नवऱ्यांचा मान घरात आणि बाजारात उतरला, तेव्हा ते तो चर्चच्या कारभारात शोधू लागले, असं त्यांनी मांडलं आहे. कुटुंब एकत्र आलं म्हणजे सगळं सुरळीत झालं असं नसतं, हे मला त्यावरून पटलं.

आणि जिथे खुद्द सरकारच मालक, तिथे काय होतं? लष्कराच्या परिचारिका सेवेत १९७७ सालचा एक नियम होता, लग्न केलं की नोकरी संपुष्टात. त्या नियमाने १९८८ साली एका लेफ्टनंट बाईंना काढून टाकलं. नियम १९९५ मध्ये मागे घेतला, पण त्या लढत राहिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी ठरवला आणि त्यांना ६० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. छत्तीस वर्षं! परक्या गावी आजाऱ्यांची सेवा करणारी बाई हवी, पण तिच्या पाठीमागे घर नको, असा हा सगळा मामला.

तर मुद्दा माझ्या चुकीचा. पुरुष गाव सोडून शहरात आला, गिरणीत राबला, मनिऑर्डर पाठवली, ह्याच्या गोष्टी आपल्याकडे भरपूर आहेत. नर्स आली, मनिऑर्डर तिनेही पाठवली, उलट सगळं घर उचलून आणलं. ते नोंदवायचं काम माझ्यासारख्यांच्या हाती होतं. रजिस्टरात आईचा रकाना नव्हता हे खरं, पण शेऱ्याचा होता. तिथे 'आई परिचारिका, फी स्वतः भरते' एवढं लिहायला मला कोणी अडवलं नव्हतं. मला सुचलं नाही. छापलेल्या रकान्याबाहेर बघायची सवयच नव्हती.

त्या मुलाने पाचवीत मराठीत वर्गात पहिला नंबर काढला. त्याच्या वडिलांनी त्याच्याच पुस्तकांवरून देवनागरी शिकून घेतली आणि पुढे एका वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर झाले. तेव्हा ते मुद्दाम शाळेत सांगायला आले होते. पेढे आणले होते. मी रजिस्टर काढून दुरुस्ती करायला गेले, तर मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, जनरल रजिस्टरात खाडाखोड चालत नाही." नियमाप्रमाणे बरोबरच होतं त्यांचं. ती नोंद आजही तशीच असेल, निळ्या शाईत, माझ्या अक्षरात.

म्हणून ती इथे दुरुस्त करते. आई, परिचारिका. वडील, घर सांभाळतात.

तुमच्या शेजारी अशा कोणी निवृत्त सिस्टर राहत असतील तर एकदा चहाला बोलवा. त्या इथे आल्या तेव्हा मागे कोण कोण राहिलं होतं आणि मग एकेक जण कसं आलं, ते विचारा. यजमानांनाही बोलवा. त्यांना हे सहसा कोणी विचारत नाही.