फासा, पंच आणि नियमपुस्तक : रोलप्लेइंग खेळांत निकाल कोणाचा?

#धागा

१/
‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेच्या पहिल्या भागात (२०१६) चार मुले तळघरात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळत असतात. समोर डेमोगॉर्गन उभा ठाकलेला. विल अग्निगोळा फेकायचे ठरवतो. यश हवे तर फाशावर १३ किंवा अधिक पडायला हवेत. फासा टेबलावरून घरंगळतो, तेवढ्यात घरच्यांची हाक येते आणि डाव मोडतो. फासा सापडतो तेव्हा त्यावर ७ असतात. खेळ चालवणाऱ्या माइकने ते पाहिलेले नाहीत, तेव्हा ते धरायचे कारण नाही, असे एका मित्राचे मत. विल मात्र जाताजाता माइकला खरे सांगून टाकतो.

२/
मुलांच्या या किरकोळ मतभेदामागे दोनशे वर्षांचा वाद आहे. कल्पनेतल्या जगात अमुक एक गोष्ट ‘घडली’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा? फाशाचा, छापील नियमाचा, की खेळ चालवणाऱ्या माणसाचा? टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांच्या नियमपद्धतींची तुलना करायची तर फाशाला किती बाजू आहेत हे पाहण्याआधी हा प्रश्न विचारावा लागतो.

३/
या वंशावळीचे मूळ ओळखीचे आहे. भारतातले चतुरंग इराण-अरबस्तानमार्गे युरोपात गेले आणि त्याचे बुद्धिबळ झाले. १७८० मध्ये ब्राउन्श्वाइग येथील हेलविग नावाच्या गणितज्ञाने हा पट हजाराहून अधिक घरांचा केला, त्यावर डोंगर, नद्या, गावे बसवली आणि मोहऱ्यांच्या जागी पायदळ, घोडदळ, तोफखाना आणला. पट अजून चौकटींचाच होता. घोड्याने उंट मारला की मारलाच. शंकेला जागा नव्हती.

४/
ती जागा प्रशियात निर्माण झाली. १८१२ मध्ये थोरल्या राइसविट्झने राजाला आपला युद्धखेळ दाखवला. त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ मध्ये त्याचे सुधारित नियम प्रसिद्ध केले. चौकटी गेल्या, १:८००० प्रमाणाचे नकाशे आले. एक खेळी म्हणजे दोन मिनिटांचा काळ. तोफेच्या माऱ्यात किती माणसे पडली हे फासा आणि तक्ते ठरवत. दोन्ही बाजू आपले हुकूम मधल्या पंचाकडे देत, आणि शत्रू कुठे आहे हे पंच सांगेल तेव्हाच कळे. जनरल स्टाफचा प्रमुख म्युफलिंगने हे पाहिले आणि हा खेळ नसून युद्धाचे शिक्षण आहे, असा अभिप्राय दिल्याची नोंद आहे. ‘क्रीगश्पील’ प्रशियन सैन्यात रुजला.

५/
रुजला, पण जड झाला. तक्ते वाढत गेले, एका चकमकीचा हिशेब लावण्यात तास जाऊ लागले. १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने सरळ सुचवले की तक्ते बाजूला ठेवा. अनुभवी पंचाला रणांगण ठाऊक आहे, त्यानेच निकाल द्यावा. त्यातून बंदिस्त आणि मुक्त असे दोन पंथ पडले. एकाची भिस्त तक्त्यावर, दुसऱ्याची माणसाच्या शहाणपणावर. पुढच्या जवळजवळ प्रत्येक नियमपुस्तकाला या दोहोंच्या मध्ये कुठेतरी जागा शोधावी लागली आहे.

६/
मधली काही दशके ओलांडून अमेरिकेतल्या मिनेसोटात यावे लागते. १९६९ मध्ये डेव्हिड वेसलीने नेपोलियनकाळातल्या ‘ब्राउनश्टाइन’ या काल्पनिक जर्मन गावाचा डाव मांडला. खेळाडूंना सैन्याऐवजी एकेक माणूस दिला: कोणी नगराध्यक्ष, कोणी बंडखोर विद्यार्थी. १८८० सालच्या ‘स्ट्रॅटेगोस’ या अमेरिकी लष्करी ग्रंथातून वेसलीने पंचाची कल्पना उचलली होती. खेळाडू काहीही करून पाहू शकतो, निकाल पंच देईल. लढाई सुरू होण्याआधीच खेळाडू कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी कारस्थाने करू लागले. वेसलीला डाव फसला असे वाटले. खेळाडूंना मात्र तो पुन्हा हवा होता.

७/
त्या वर्तुळातल्या डेव्ह आर्नेसनने १९७१ च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ हे अद्भुत जग उभे केले आणि लढाईसाठी गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’चे नियम घेतले. इथे अडचण आली. चेनमेल सैन्यांसाठी लिहिलेले होते. त्यात साधा सैनिक एका यशस्वी घावात मरे. शंभरांतला एक शिसे-सैनिक गेला तर कोणाचे काय जाते? पण आठवडे खेळून आपलासा झालेला माणूस एका फाशात गेला की खेळाडू हळहळत.

८/
आर्नेसनने यावर काढलेला तोडगा आज कित्येक व्हिडिओ गेममध्ये दिसतो. त्याने पुढे मुलाखतींत सांगितल्याप्रमाणे, अमेरिकी यादवी युद्धातल्या लोखंडी जहाजांसाठी त्याने काही नियम केले होते. त्यांत जहाज अनेक तडाखे सोसून मग बुडे. तोच हिशेब त्याने माणसाला लावला. हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याची शिल्लक, हा असा आरमारातून आला. माणूस काही जहाजासारखा हळूहळू बुडत नाही, हे तेव्हाही सर्वांना कळत होते. खेळाडूचा जीव पात्रात गुंतला होता, म्हणून ही विसंगती खपली.

९/
जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर पडले: एका पेटीत तीन पुस्तिका, पहिल्या छपाईत हजार प्रती. पात्रांचे वर्ग तीनच: योद्धा, जादूगार, धर्मगुरू. नियम इतके तुटक की पंचाशिवाय खेळ चालणेच अशक्य. ही त्रुटी होती, आणि खेळाचे बळही होते. नियम जिथे गप्प, तिथे पंच आणि खेळाडू एकमेकांशी बोलत.

१०/
उदाहरणार्थ, रात्री किल्ल्याचा तट चढायचा आहे. १९७४ च्या पुस्तिकांत त्याला नियम नाही. खेळाडू दोर, खाचा, पहारा यांविषयी विचारतो, पंच ठरवतो. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत चोर हा वर्ग आला आणि त्याच्याबरोबर भिंत चढण्याची टक्केवारी. लगेच प्रश्न उभा राहिला: मग योद्ध्याला चढता येत नाही का? कालपर्यंत तो चढत होता! एकाला नियमाने दिलेला हक्क दुसऱ्याकडून न बोलता काढून घेतला जातो, हे खेळाच्या इतिहासात इतक्या लवकर दिसावे, हे मार्मिक आहे.

११/
प्रतिस्पर्धी झपाट्याने आले. ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ (१९७५) घरात सापडणाऱ्या सहाबाजू फाशांवर चाले. ‘ट्रॅव्हलर’ (१९७७) मध्ये पात्राची पूर्वीची नोकरी फाशांनी ठरे, आणि त्या नोकरीतच पात्र मरूही शके. म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच श्राद्ध.

१२/
सर्वांत विचारपूर्वक उत्तर ‘रूनक्वेस्ट’ने (१९७८) दिले. त्याच्या रचनाकारांपैकी स्टीव्ह पेरिन मध्ययुगीन पद्धतीची ढाल-तलवारीची लुटुपुटूची लढाई खेळणाऱ्या मंडळींपैकी होता. त्याच्या खेळात वर्ग नाहीत. प्रत्येक कौशल्याला टक्केवारी. तट चढायचा? चढण्याचे कौशल्य ४० असेल तर शंभरांत ४० पर्यंत पडायला हवेत, मग तुम्ही योद्धे असा की पुरोहित. यशस्वीपणे वापरलेले कौशल्यच वाढे, आणि तेही फासा सध्याच्या टक्केवारीच्या वर पडला तर. जितके जास्त येते, तितके पुढचे शिकणे कठीण. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये मुख्यतः खजिना लुटून आणि राक्षस मारून अनुभव वाढे, इथे सरावाने.

१३/
याच सांगाड्यावर १९८१ मध्ये ‘कॉल ऑफ कथुलू’ उभे राहिले. त्यात ‘सॅनिटी’, म्हणजे मनाचा तोल, हा आकडा आहे. भयंकर सत्य कळत जाते तसा तो घटतो. पात्र बलवान होत जाण्याऐवजी ढासळत जाते. एका आकड्याने खेळाचा रसच पालटला.

१४/
थोडे गणित. वीसबाजू फाशावर १ काय आणि २० काय, प्रत्येकाची शक्यता ५ टक्केच. म्हणून तरबेज योद्धाही वारंवार तोंडघशी पडतो. ‘गर्प्स’ (१९८६) तीन सहाबाजू फासे टाकायला लावते. तिथे १० किंवा ११ पडण्याची शक्यता २५ टक्के, तर ३ पडण्याची २१६ मध्ये एक. जाणकार सहसा चुकत नाही. पहिल्यात थरार अधिक, दुसऱ्यात भरवसा.

१५/
गर्प्सचे नाव निघाले की एक आडवळण घ्यावेच लागते. १ मार्च १९९० रोजी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने टेक्सासमधील स्टीव्ह जॅक्सन गेम्सच्या कचेरीवर छापा घालून संगणक आणि ‘गर्प्स सायबरपंक’ या छपाईच्या वाटेवरच्या पुस्तकाचा मजकूर जप्त केला. कंपनीवर कधीच आरोप ठेवला गेला नाही. १९९३ मध्ये न्यायालयाने सरकारला नुकसानभरपाई द्यायला लावली.

१६/
१९९१ मध्ये ‘अँबर’ने फासेच काढून टाकले. पात्रांचे गुण खेळाडूंनी आपसांत लिलाव लावून मिळवायचे; पुढे ज्याचा गुण वरचढ, त्याची सरशी, आणि परिस्थिती पाहून अंतिम निकाल सूत्रधाराचा. व्हेर्दीला हा खेळ आवडला असता.

१७/
उलट दिशेने गेले ते ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ (२०१०). दोन सहाबाजू फासे. मूळ शक्यता पाहा: १० किंवा वर १७ टक्क्यांच्या आसपास, ७ ते ९ सुमारे ४२, ६ किंवा खाली तितकेच. मधल्या टप्प्यात खेळाडूला हवे ते मिळते, पण किंमत मोजून: तटावर पोहोचलात, दोर मात्र खाली पडला. सूत्रधार स्वतः फासे टाकतच नाही, आणि त्याने कसे वागावे यालाही पुस्तकात नियम आहेत. दीडशे वर्षे ज्याच्या शहाणपणावर विसंबले, त्या पंचालाच येथे नियमात बांधले. या तुलनेतला हा सर्वांत धाडसी बदल म्हणता येईल.

१८/
राहिला मालकीचा प्रश्न. १९७९ मध्ये आर्नेसनने मानधनासाठी गायगॅक्स आणि त्याची कंपनी टीएसआर यांच्यावर दावा लावला. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्ती हा निराळाच खेळ आहे, असे कंपनीचे म्हणणे. दोन नियमपद्धती एक की दोन, हा गप्पांतला विषय कोर्टात गेला. १९८१ मध्ये तडजोड झाली.

१९/
अमेरिकी कायद्यात खेळाच्या पद्धतीवर स्वामित्वहक्क नसतो, तिच्या शब्दांकनावर असतो. ही रेषा पुसट असल्याने छोटे प्रकाशक घाबरून असत. २००० मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने तिसऱ्या आवृत्तीबरोबर ‘ओपन गेम लायसन्स’ दिले आणि गाभ्याचे नियम वापरायला मोकळे केले. त्याच परवान्याच्या आधारे चाहत्यांनी २००६ मध्ये ‘ऑस्रिक’ काढून जुनी ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पद्धती पुन्हा खेळण्याजोगी केली.

२०/
जानेवारी २०२३ मध्ये हा परवाना बदलण्याचा मसुदा फुटला. त्यावर पोसलेले लेखक आणि प्रकाशक हादरले, खेळाडूंनी कंपनीच्या संकेतस्थळाची वर्गणी रद्द करण्याची लाट आणली. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचा नियम-संदर्भग्रंथ क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला. हा परवाना कंपनीलाही मागे घेता येत नाही.