हंगामी की कायम?

मुख्याध्यापक निवृत्त होतात, नवा माणूस मिळत नाही, तेव्हा संस्था एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाला बोलावून म्हणते, "तूर्त तुम्ही सांभाळा." चार महिने बरे जातात आणि प्रश्न उभा राहतो, यालाच कायम करावे का? शिक्षकबंधूंना हा प्रसंग नवा नाही. फुटबॉलच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे तारीखवार नोंदलेली सापडतात. म्हणून तिथलेच एक प्रकरण आज तुमच्यापुढे मांडतो.

इंग्लंडातील मँचेस्टर युनायटेड या मातबर संघाने १८ डिसेंबर २०१८ रोजी आपले प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांना काढून टाकले. संघ तेव्हा सहाव्या स्थानावर होता. दुसऱ्याच दिवशी नॉर्वेचे ओले गुन्नार सोलशेअर यांना आणले गेले, तेही हंगाम संपेपर्यंतच. हा माणूस घरचाच. १९९९ साली बार्सिलोना येथे युरोपच्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी विजयी गोल मारला होता तो यांनीच. तेव्हा लोकांचे प्रेम आधीपासून होतेच.

आणि काय सांगावे! पहिले आठही सामने जिंकले. ६ मार्च २०१९ रोजी तर पॅरिसला जाऊन, दहा खेळाडू दुखापतीने वा अन्य कारणांनी बाहेर असताना, तिथल्या श्रीमंत संघाला ३-१ असे हरवले आणि स्पर्धेतून घालवले. जुने खेळाडू दूरदर्शनवरून म्हणू लागले की आता करार करून टाका. १९ सामन्यांत १४ विजय झाले होते. २८ मार्चला तीन वर्षांचा करार झाला.

आता थोडे थांबून पाहा. करारापूर्वीचे लागोपाठ दोन सामने संघ हरला होता. तिकडे कुणी फारसे पाहिले नाही, पॅरिसचे तेज अजून डोळ्यांत होते. मुदत तर मे महिन्यापर्यंत होतीच. सहा-सात आठवडे थांबायला हरकत काय होती? आपल्याकडे म्हणतात ना, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!

पुढच्या दहा सामन्यांत विजय झाले फक्त दोन, सहा पराभव. सर्वांत बोलकी गोष्ट ही, की सोलशेअर यांचे पहिले दोन सामने कार्डिफ आणि हडर्सफील्ड यांच्याशी झाले होते, ते ५-१ आणि ३-१ असे जिंकले. हंगामाचे शेवटचे दोन सामनेही याच दोन संघांशी आले. दोघेही एव्हाना खालच्या श्रेणीत ढकलले गेले होते. त्यांतल्या हडर्सफील्डशी बरोबरी झाली, आणि कार्डिफने तर युनायटेडच्या स्वतःच्या मैदानावर २-० असे हरवले. संघ सहावा होता, सहावाच राहिला.

मग सोलशेअर नालायक होते काय? तसे मी म्हणणार नाही. पुढच्या दोन हंगामांत त्यांनी संघाला तिसरे आणि दुसरे स्थान मिळवून दिले. २०२१ च्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात तो संघ हरला, तोही पेनल्टीत, ११-१० असा. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला त्यांना जावे लागले. माझा आक्षेप आहे तो पुरावा तोलण्याच्या रीतीवर. कडक माणूस गेला की वर्ग आपोआप मोकळा होतो. त्या मोकळेपणाचे श्रेय नव्या शिक्षकाच्या खाती जमा होते. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते हेच. माणसाची स्वतःची अक्कल दिसते ती ओळीने दोन-तीन दणके बसल्यावर. करार केला तेव्हा त्या परीक्षेचा पेपर नुकता हातात पडला होता.

त्याच सुमारास अर्जेंटिनातही असाच पेच होता. २०१८ च्या विश्वचषकात फ्रान्सकडून हरल्यावर तिथे लिओनेल स्कालोनी या सहायकाला हंगामी नेमले. या गृहस्थाने कोणत्याही मोठ्या संघाचे नेतृत्व पूर्वी केलेले नव्हते. टीका पुष्कळ झाली. पण तिथल्या संघटनेने मुदत टप्प्याटप्प्याने वाढवली. आधी काही सामने, मग २०१९ ची कोपा अमेरिका स्पर्धा. तीत सुरुवातच पराभवाने झाली आणि उपांत्य सामन्यात ब्राझीलनेही हरवले; तिसरे स्थान मिळाले. आकड्यांत पाहिले तर सोलशेअरच्या पहिल्या तीन महिन्यांपुढे हे फिके. मात्र नवे खेळाडू निवडून, मेस्सीवरचा भार थोडा हलका करून संघ बांधला जात होता, आणि ते हरतानाही दिसत होते. २०२१ साली माराकाना मैदानावर ब्राझीलला १-० असे हरवून त्यांनी ती स्पर्धा जिंकली.

मग आला २०२२ चा कतारचा विश्वचषक. ३६ सामने अपराजित राहिलेला हा संघ पहिल्याच सामन्यात सौदी अरेबियाकडून २-१ असा हरला. चार दिवसांनी मेक्सिकोशी गाठ होती. स्कालोनी यांनी पाच खेळाडू बदलून संघ उतरवला आणि सामना २-० असा जिंकला. १८ डिसेंबरला विश्वचषक अर्जेंटिनाच्या हाती होता.