कंपासपेटीतले शब्द

दिवाळीच्या सुट्टीत घरोघरी एक दृश्य हमखास दिसते. स्वयंपाकघरातून चकलीच्या भाजणीचा खमंग वास येत असतो, अंगणात किल्ल्यासाठी माती कालवून ठेवलेली असते, आणि घरातले चिरंजीव मात्र 'सुट्टीतला अभ्यास' नावाच्या संकटाला तोंड देत कोपऱ्यात बसलेले असतात. दर आठवड्याला नवा धडा, आणि दर धड्याला नवे आठ-दहा शब्द! जीवा, त्रिज्या, द्वीपकल्प, विषुववृत्त, जडत्व. पाहुणे यावेत तसे हे शब्द येतात, परीक्षेपर्यंत मुक्काम करतात आणि पुष्कळदा परीक्षा संपताच निघूनही जातात.

अशा वेळी आपण वडीलकीच्या नात्याने विचारावे, "जीवा म्हणजे काय रे?" चिरंजीव घडाघडा म्हणून दाखवतात, "वर्तुळावरील दोन बिंदूंना जोडणारा रेषाखंड." उत्तर बरोबर. "पण त्याला जीवा का म्हणायचे?" असा दुसरा प्रश्न केला, की चिरंजीव गप्प होतात. गंमत अशी की, विचारणारे वडीलही मनातून गप्पच असतात. कारण त्यांनाही कोणी ते सांगितलेले नसते.

खरे म्हणजे ही उत्तरे मुलाच्या कंपासपेटीतच आहेत. ती उघडून पाहा. काटकोन काढावयाचा तो गुण्या. हा गवंड्याच्या आणि सुताराच्या हत्यारांतला शब्द. तो आपल्याकडे फारसीतून आला आणि त्याचे मूळ ग्रीक भाषेतल्या 'कोन' या अर्थाच्या शब्दाशी जाऊन भिडते. शेजारी दोन टोकदार पायांचे कर्कटक आहे. कर्कटक म्हणजे संस्कृतात खेकडा. त्या पायांकडे पाहिले की नाव ठेवणाऱ्याची नजर कळते. आणि ज्याने वर्तुळ काढावयाचे तो कंपास थेट इंग्रजी. एवढ्याशा पत्र्याच्या पेटीत पंडित, गवंडी आणि साहेब असे तिघे गुण्यागोविंदाने नांदत आहेत! मुलगा ज्या 'इयत्ते'त शिकतो तो शब्दही असाच. 'इयत्ता' म्हणजे मूळ संस्कृतात 'एवढेपणा'. तुझे ज्ञान एवढे झाले, आता पुढे चल, असे जणू तो शब्द दरवर्षी मुलाला सांगत असतो.

हे शब्द आले कोठून आणि टिकले कसे, ही हकीकत मोठी लांबवरची आहे. ती आपल्या खानदेशापासून सुरू करू.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०६-०७ च्या सुमाराचा, एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी तेथे मठ स्थापन केला, त्याची ही नोंद. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० सालची. वर्ग, घन, त्रैराशिक, कर्ण हे शब्द घोकणारी मुले आठशे वर्षांपूर्वी त्या डोंगरपायथ्याशी बसत असतील. या शिलालेखात एक मोठी बोलकी गोष्ट आहे. आजोबांची थोरवी आणि शास्त्राचा गौरव संस्कृतात कोरलेला आहे. पण मठाला बाजारातून काय उत्पन्न मिळावयाचे, हा अखेरचा व्यवहाराचा भाग जुन्या मराठीत आहे. विद्येची भाषा एक आणि पोटापाण्याची दुसरी, अशी ही वाटणी. ती पुढे सहाशे वर्षे तशीच राहिली.

आता त्या जीवेचे कोडे उलगडू. जीवा किंवा ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा तुकडा हे धनुष्य, म्हणून त्याचे जुने नाव चाप. आणि त्याची दोन टोके जोडणारी रेषा ही त्याची दोरी. ज्योतिषांना हिशेबाला या दोरीचा अर्धा भागच सोयीचा पडे. पुढे त्या अर्ध्या दोरीलाच ते ज्या म्हणू लागले. वर्तुळाच्या बारा राशी कल्पिल्या, तर तीन राशी म्हणजे पाव वर्तुळ. तेथवर येता येता ही ज्या वाढत जाऊन सर्वांत मोठी होते, आणि तिची लांबी केंद्रापासून परिघापर्यंतच्या अंतराएवढी भरते. तीन राशींची ज्या ती त्रिज्या! हाच 'जीवा' शब्द अरबांकडे गेला, तेथे 'जीबा' झाला. अरबीत स्वर लिहीत नसल्यामुळे पुढे तो 'जैब', म्हणजे वस्त्राचा घोळ, असा वाचला गेला. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्या घोळाचेच भाषांतर 'सायनस' असे केले. आज दहावीचा विद्यार्थी 'साइन' म्हणून जे लिहितो, ती आपलीच धनुष्याची दोरी आहे. जग फिरून, वेष पालटून घरी आलेली.

पाटणच्या मठातली ही शब्दसंपत्ती सर्वांच्या मुलांपर्यंत यावयास मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८१८ मध्ये पेशवाई गेली. १८२२ साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या आश्रयाने 'बॉम्बे नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी' स्थापन झाली. शाळा काढावयाच्या, तर पुस्तके हवीत. पुस्तके मराठीत करावयाची, तर शब्द हवेत! कॅप्टन जर्व्हिस या लष्करी इंजिनिअरने शास्त्रीमंडळींना हाताशी धरून इंग्रजी ग्रंथांच्या आधारे गणिताची पुस्तके मराठीत आणली. बापू छत्र्यांनी १८२८ साली मुलांसाठी इसापनीतीच्या गोष्टी मराठीत दिल्या. १८२९ मध्ये जगन्नाथशास्त्री क्रमवंत आदी पंडितांनी 'महाराष्ट्र भाषेचा कोश' सिद्ध केला, १८३१ मध्ये मोल्सवर्थचा कोश निघाला, आणि १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण छापले गेले. पंधरा वर्षांच्या आत केवढी ही धांदल!

यात मौज अशी की, शास्त्र्यांना विषय नवा होता आणि साहेबाला भाषा नवी होती. एकाने कल्पना समजावून सांगावयाची, दुसऱ्याने शब्द शोधावयाचा. पण शब्द जमला, म्हणजे कसा जमे पाहा. इंग्रजी भूगोलात ज्याला पेनिन्शुला म्हणतात, त्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'जवळजवळ बेट' असा आहे. संस्कृतात 'कल्प' हा प्रत्यय नेमका 'जवळजवळ तसाच' या अर्थाचा. ऋषीसारखा तो ऋषिकल्प, तशी बेटासारखी भूमी ती द्वीपकल्प. विषुव म्हणजे दिवस आणि रात्र समसमान होण्याची वेळ. म्हणून पृथ्वीच्या मध्यावरचे ते विषुववृत्त. ही नावे नुसती नावे नाहीत. प्रत्येकात शिक्षकाचे अर्धे व्याख्यान बांधून ठेवलेले आहे. ती गाठ सोडली नाही, तर मुलाच्या हाती राहते ती केवळ जोडाक्षरांची जड मोळी.

आज पहिली-दुसरीपासून जी चिन्हे मुले गिरवतात, त्यांचीही कथा अशीच. जुन्या पोथ्यांत शब्दाला शब्द चिकटून लिहिलेला असे; कोठे थांबावे हे वाचणाऱ्याने ओळखावयाचे. १८५० मध्ये मेजर कँडी यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' ही छोटी पुस्तिका काढली. एका परकीय माणसाने मराठीला जागोजागी श्वास घ्यावयास शिकविले, असे म्हटले तरी चालेल.

पण सगळेच शब्द जगले नाहीत, आणि या लेखातली खरी गोष्ट येथेच आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे नाव आपण 'दर्पण'कार म्हणून घेतो. १८१२ साली जन्मलेल्या आणि १८४६ मध्ये, ऐन उमेदीत, निधन पावलेल्या या विद्वानाने उच्च गणितावरही मराठीत लिहिले. ज्याला इंग्रजीत डिफरन्शियल कॅल्क्युलस म्हणतात, त्याला त्यांनी नाव दिले 'शून्यलब्धि'. शून्याकडे झुकणाऱ्या राशींतून जे हाती लागते ते! किती नेटका आणि अर्थवाही शब्द! आज तो कोणाच्या ओठी नाही. विश्वकोशात पाहाल, तर 'अवकलन' असा निराळाच शब्द मिळेल. शून्यलब्धीने काय अपराध केला होता? काहीच नाही. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले आणि वरच्या विद्येची भाषा इंग्रजी झाली. ज्या वर्गात हा शब्द मोठ्याने उच्चारला जावयाचा, तो वर्गच भरला नाही. त्रिज्या आणि द्वीपकल्प वाचले, कारण ते मराठी शाळेच्या फळ्यावर दरवर्षी नव्याने लिहिले गेले. शब्द कोशात जन्मतो खरा, पण तो जगतो तो वर्गात.

वर्ग बदलला की शब्द कसे बदलतात, हे मराठवाड्याच्या वडीलधाऱ्यांनी प्रत्यक्ष अनुभवले. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमात सुरू झाले. त्याच्यासाठी शास्त्रीय परिभाषा घडवणारे भाषांतराचे खातेही होते. परभणी-बीडकडच्या मराठी मुलांनी माध्यमिक शाळेत बेरजेला जमा, वजाबाकीला तफरीक, गुणाकाराला जर्ब आणि भागाकाराला तक्सीम म्हणावयाचे! सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले आणि हळूहळू शाळांतून मराठी शब्द आले. आकडे तेच, हिशेब तोच. पण घरात आई ज्या भाषेत भाजीचा हिशेब करते, त्याच भाषेत गणित सोडवावयास मिळणे हे मुलाला केवढे आश्वासन असते, ते त्या पिढीला विचारावे.

त्याच १९४८ साली य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा 'शास्त्रीय परिभाषा कोश' पुण्याहून प्रसिद्ध झाला. पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य आले आणि त्याच वर्षी भाषा संचालनालयही. त्याने १९६२ मध्ये 'पदनाम कोश' काढला, तेव्हा त्याची 'बदनाम कोश' म्हणून यथेच्छ टवाळी झाली. टवाळीत तथ्य नव्हते असे नाही. संस्कृताच्या टाकसाळीतून निघालेली काही नाणी इतकी वजनदार होती, की सामान्यांच्या खिशात ती मावेनात. ज्या घरांत पहिल्यांदाच मूल शाळेत जात होते, तेथे तर 'प्रकाशसंश्लेषण' आणि 'फोटोसिंथेसिस' दोन्ही सारखीच परकी. मात्र त्याच कोशांतले अनेक शब्द आज आपण सहज वापरतो. थट्टेला ते पुरून उरले आहेत.

आणि कधी कधी शब्द वर्गातून बाहेर पडून शेतात जाऊन राहतो. जुन्या रसायनाच्या पुस्तकांत नायट्रोजनला नत्र, फॉस्फरसला स्फुरद आणि ऑक्सिजनला प्राणवायू म्हणत. नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी आंतरराष्ट्रीय नावे घेतली. सर्व जगाशी व्यवहार करावयाचा, तर ते योग्यही होते. शाळेतून नत्राला असा निरोप मिळाला. पण खताच्या दुकानाशी उभे राहून ऐका. "नत्र किती टाकलं? स्फुरद कमी पडलंय. पालाश घातलं का?" असे बोलणे सर्रास चालते. चमकणे या अर्थाच्या संस्कृत धातूवरून स्फुरद. अंधारात चकाकणाऱ्या द्रव्याला याहून चांगले नाव कोणते? पालाश तर उच्चाराने पोटॅशशी नाते सांगतो आणि कानाला पळसाची आठवण देतो. कृषिखात्याची पत्रके आणि आकाशवाणीवरचे शेतीचे कार्यक्रम यांनी हे शब्द बांधावर पोहोचवले, आणि ज्याला त्यांची गरज होती त्याने ते आपले केले. प्राणवायूही २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत वृत्तपत्रांच्या मथळ्यांत परत आला. तेव्हा त्याचा अर्थ कोणाला कोशात पाहावा लागला नाही.

आज पुष्कळ मराठी शाळांतून गणित आणि विज्ञान इंग्रजीत शिकवतात. त्याला 'सेमी-इंग्रजी' म्हणतात. आईबापांचा हेतू मुलाच्या कल्याणाचाच असतो. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. परंतु पाटणच्या शिलालेखातली ती जुनी वाटणी, शास्त्र एका भाषेत आणि बाजार दुसऱ्या भाषेत, पुन्हा आपल्या दारी येऊन उभी आहे, एवढे तरी आपण ओळखावे. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद सर्वांना झाला. पण दर्जा सरकार देते. शब्दाला आयुष्य मात्र घर आणि वर्गच देतात. शून्यलब्धीची गोष्ट विसरून चालणार नाही.

म्हणून या दिवाळीत फराळाचे ताट पुढे घेतल्यावर मुलाला त्याच्या पुस्तकातला एकच शब्द विचारा, आणि तो दोघांनी मिळून उघडा. माध्यम कोणतेही असो. 'रेडियस' शिकणाऱ्या मुलीलाही त्रिज्येतली धनुष्याची दोरी दाखवता येते. आठवड्याला एक शब्द म्हटला, तरी पुढच्या दिवाळीपर्यंत पन्नास होतील. किल्ला बांधताना चिरंजीवांनी तळ्यात बेट केले आणि एका बाजूने ते जमिनीला जोडून ठेवले, तर त्याला त्याचे नाव विचारा. तो "द्वीपकल्प" म्हणेल. मग हळूच विचारा, "कल्प का बरे?" या वेळी उत्तर दोघांनाही ठाऊक असेल.