ओढा चढला नाही तर

अमेरिकेच्या दक्षिण भागात वचन देताना 'देवाची इच्छा असेल व ओढा चढला नाही, तर येईन' असे म्हणण्याचा प्रघात आहे. तेथे ओढ्यास 'क्रीक' म्हणतात, आणि क्रीक नावाचे मूळ रहिवाशांचे एक राष्ट्रही आहे. त्यामुळे १७९६ पासून त्यांच्यात सरकारी प्रतिनिधी असलेल्या बेंजामिन हॉकिन्सने त्यांच्या बंडाच्या भयाने हे शब्द लिहिले, अशी कथा पसरली. तीस लेखी आधार नाही. एकोणिसाव्या शतकातील छापील उदाहरणांत खेडुतांच्या बोलीतील, वाट अडविणारा पाण्याचा ओढाच दिसतो. १८१४ च्या तहाने क्रीकांची दोन कोटी एकरांहून अधिक भूमी गेली. ज्यांचे घर बुडाले, त्यांनाच पूर ठरविणाऱ्या व्युत्पत्तीस केवळ गंमत कसे म्हणावे?