भुतांचा जमाखर्च

आज ज्यास रायगड जिल्हा म्हणतात, त्या जुन्या कुलाब्याच्या किनाऱ्यावर भूत उतरविणें हाही एक व्यवसायच होता. वेताळ, हडळ, पाण्यांत राहून वाटसरूस चकविणारा गिऱ्हा, हीं नांवें मुलांस पाढ्यांइतकीं पाठ असत. आणि भगतास नारळ, कोंबडा व दक्षिणा पोंचल्यावांचून भूत हलत नसे. म्हणून १९८४ सालीं अमेरिकेंत निघालेला 'घोस्टबस्टर्स' हा विनोदी बोलपट आपणांस परका वाटूं नये. विद्यापीठांतून निघालेले प्राध्यापक न्यूयॉर्क शहरांत भुतें पकडण्याचें दुकान थाटतात आणि गिऱ्हाइकास रीतसर बिल देतात, या विसंगतींतच त्यांतील बराचसा विनोद आहे.

त्याच वर्षीं ॲक्टिव्हिजन कंपनीच्या डेव्हिड क्रेन यानें या बोलपटावरून संगणकावरील खेळ रचला. हाताशीं वेळ होता अवघा सहा आठवड्यांचा. मोटारींच्या एका अपुऱ्या खेळाचा सांगाडा त्याजपाशीं होता. त्यावरच त्यानें ही इमारत चढविली. नटाची मुद्रा किंवा शब्दाची फेंक त्या काळच्या यंत्रांत मावणें अशक्य होतें. क्रेननें तो नाद सोडला व धंदा तेवढा उचलला. खेळणारास आरंभीं १०,००० डॉलर मिळत. त्यांतून मोटार व सापळे घ्यावयाचे, भुतें धरावयाचीं, मिळकत जमेस धरावयाची. भांडवलाहून अधिक रक्कम गांठीं नसेल तर अखेरचा सामना दुरापास्त!

आपल्या गोविंद बल्लाळ देवलांचें 'संशयकल्लोळ' हेंही मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून घेतलेलें आहे. देवलांनीं माणसें व घर मराठी केलीं, संशय मात्र राखला. क्रेननें जमाखर्च राखला. जात एकच.

पुढें हा खेळ दूरचित्रवाणी संचास जोडावयाच्या यंत्रांवर गेला: १९८५ सालीं अटारी, १९८७ सालीं सेगा. निन्टेन्डोवरील १९८८ च्या अमेरिकन आवृत्तींत तर शेवटीं 'अभिनंदन' या अर्थाचा इंग्रजी शब्दच अशुद्ध उमटतो. जिने चढून थकलेल्या विजयी वीरास मिळालेलें हें बक्षीस पाहून शिक्षकाचा हात तांबड्या पेन्सिलीकडे जातो.

आपल्या किनाऱ्यावरील गिऱ्ह्याच्या गोष्टी आजीच्या तोंडून निघून उद्यां अशाच एखाद्या पडद्यावर येतील. त्या वेळीं भूत किती अक्राळविक्राळ दिसतें हें पाहूं नये. भगताचा नारळ राहिला कीं नाहीं, एवढें पाहावें. कारण आपलें हसूं त्या नारळांत आहे.