पालखीची गर्दी नि घरचा खर्च

तुकोबारायांची पालखी बारामती-इंदापुरावरून जायची झाली, की सालाबादप्रमाणे एकच तक्रार कानी येते : गर्दी किती नि खर्च किती! तिचा विचार जरा मागे जाऊन करावा.

तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली हा सोहळा सुरू केला. पुढे काटेवाडीस परीट बांधवांनी धोतरांच्या पायघड्या घालाव्यात, तेथेच मेंढ्यांचे रिंगण व्हावे, बेलवाडी व इंदापुरास अश्व धावावा, अशा चाली पडल्या. यांत थैली सोडणे नाही. ज्याच्या हाती जे होते, ते त्याने पुढे केले.

२०२० व २०२१ साली करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका बसने पंढरीस गेल्या. ना गर्दी, ना खर्च. पण सुना रस्ता पाहून किती जणींना चुकल्याचुकल्यासारखे झाले!

तथापि कर्ज काढून पंगती घालणे ही वारीची रीत नव्हे. शिवाय भाकरी थापण्याचा भार बायकांवरच पडतो. तेव्हा आळीने पीठ वाटून घ्यावे, पुरुषमंडळींनी पाणी भरावे, खरकटे उचलावे. मग दाराशी आलेला वारकरी कोणासही जड व्हायचा नाही.