शुकमुख आणि उष्टे : शुचितेकडून स्वच्छतेकडे

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यातील देवराज मार्केट ही त्या शहराची फळाफुलांची जुनी बाजारपेठ होय. अशा बाजारात चोचीची खूण असलेला पेरू गिऱ्हाईक सहसा बाजूला ठेवते. परसातल्या झाडावरचा तसाच पेरू मात्र 'पोपटाने टोचला म्हणजे गोड असणारच' असे म्हणून कौतुकाने कापून खाल्ला जातो. एकाच चोचीविषयीच्या या दोन वृत्तींमागे दीर्घ वाङ्मयीन इतिहास आहे. पाळीव पोपटाची लाळ आणि चोचीची स्वच्छता हा विषय आज पशुवैद्यकाचा मानला जात असला, तरी तो समजून घेताना या इतिहासाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

मराठीतील 'उष्टे' हा शब्द संस्कृत 'उच्छिष्ट'पासून आला. 'उरलेले' हा त्याचा धात्वर्थ. परंतु धर्मशास्त्रात आणि लोकव्यवहारात तोंड लागल्याचा, म्हणजेच लाळेचा, दोष त्यात अभिप्रेत असतो. मनुस्मृतीच्या ५व्या अध्यायात या दोषाला काही अपवाद सांगितले आहेत. फळ पाडणारा पक्षी, पान्हा सोडवणारे वासरू आणि हरिण पकडणारा कुत्रा यांचे तोंड त्या त्या प्रसंगी शुद्ध मानावे, असा तो निर्णय आहे. जिथे तोंड लागल्यावाचून फळ, दूध वा शिकार हाती येत नाही, तिथे दोष मानायचा नाही, असा त्यामागचा व्यवहार दिसतो. भागवताच्या आरंभी याच अपवादाचे गुणात रूपांतर झाले. वेदवृक्षाचे हे फळ शुकाच्या मुखातून गळाले म्हणून अमृतरसाने युक्त झाले, असे तेथे म्हटले आहे. 'शुक' या शब्दावरील श्लेषामुळे व्यासपुत्राची वाणी आणि पक्ष्याची चोच एकरूप होतात. लाळेने फळ विटाळत नाही, उलट परिपक्व ठरते.

बाणभट्टाच्या 'कादंबरी'त, म्हणजे ज्या ग्रंथनामावरून मराठीने आणि कन्नडने एका साहित्यप्रकाराचे नाव घेतले त्या ग्रंथात, हा विचार पिलांच्या संगोपनाच्या वर्णनातून येतो. शाल्मली वृक्षावरील पोपट सायंकाळी परततात आणि वाघाच्या रक्ताळलेल्या नखांसारख्या तांबूस चोचींनी पिलांना फळांचे रस आणि भाताचे दाणे भरवतात. वैशंपायन या पोपटाचा वृद्ध पिता उडू शकत नाही. तो झाडाखाली पडलेले, इतर पोपटांनी कुरतडलेले फळांचे तुकडे गोळा करून पिलाला देतो आणि पिलाने खाऊन उरलेले स्वतः खातो. उष्टे येथे वात्सल्याचे माप आहे. पुढे तहानेने व्याकूळ झालेल्या याच पिलाला हारीत हा मुनिकुमार बोटाने पाण्याचे थेंब पाजतो.

बाणाच्या पुत्राने पूर्ण केलेल्या उत्तरभागात मात्र याच पोपटापुढे अन्नाच्या विटाळाचा प्रश्न उभा राहतो. चांडालकन्येच्या घरी पिंजऱ्यात पडलेला हा पूर्वजन्मीचा ब्राह्मण तिच्या हातचे खायला तयार होत नाही. पक्ष्याच्या योनीत आलेल्याला भक्ष्याभक्ष्याचा विचार कसला, आणि फळे तर अशा घरचीही चालतात, अशा आशयाचा युक्तिवाद तिला करावा लागतो. पक्ष्याच्या लाळेला शास्त्राने अपवाद केला. तिच्या हाताच्या स्पर्शासाठी मात्र तिला शास्त्रातली पळवाट शोधावी लागली. उष्ट्याचा नियम लाळेपेक्षा लाळ कोणाची याकडे अधिक पाहत होता, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

पोपटाच्या मुखाचा माणसाच्या आरोग्याशी जोडलेला संबंधही जुना आहे. म्हैसूरच्या प्राच्यग्रंथालयात आलेल्या हस्तलिखितावरून आर. शामशास्त्री यांनी १९०९ साली कौटिल्याचे अर्थशास्त्र प्रथम प्रसिद्ध केले. त्यात राजगृहातील पोपट आणि मैना सर्पविषाची शंका येताच ओरडतात, असे नमूद आहे. कौटिल्याला हा पक्षी धोक्याची सूचना देणारा वाटला. आधुनिक वैद्यकाने त्याच्याकडे धोक्याचे मूळ म्हणून पाहिले. इ. स. पू. ४००च्या सुमारास, इराणच्या दरबारी वैद्य असलेल्या क्टेसियास या ग्रीकाने माणसासारख्या बोलणाऱ्या भारतीय पक्ष्याचे वर्णन केले. त्या पक्ष्यासाठी ग्रीकमध्ये रूढ झालेल्या 'सिटाकोस' या शब्दावरून १८९५ साली 'सिटाकोसिस' हे रोगनाम घडले. निमित्त होते १८९२ची पॅरिसमधील साथ, आणि तिचे पक्षी आले होते दक्षिण अमेरिकेतून. १९२९-३० साली हा रोग अनेक देशांत पसरला. त्याचे जिवाणू मुख्यतः वाळलेल्या विष्ठेच्या आणि नाकातील स्रावाच्या धुळीतून श्वासावाटे शिरतात. चोचीला तोंड लावणेही धोक्याचे असते.

परंतु आजचे पशुवैद्यक उलट दिशेचाही विचार करते. माणसाच्या लाळेतील काही जिवाणू आणि किण्व पोपटाला अपायकारक ठरू शकतात. म्हणून स्वतःच्या ओठांतून त्याला घास देऊ नये, असे सांगितले जाते. केवळ बियांवर वाढवलेल्या पोपटाला 'अ' जीवनसत्त्व कमी पडते. त्यामुळे तोंडाचे अस्तर जाडावते, लाळग्रंथींची तोंडे बुजतात आणि पांढरट गाठी येतात. चोच सतत वाढत असते आणि लाकूड कुरतडण्याने झिजते. खाल्ल्यावर ती फांदीवर पुसण्याची पक्ष्यांना सवय असते. फांदी, योग्य आहार आणि रोज बदललेले पाणी मिळाले, तर निरोगी पोपट आपली चोच बहुतांशी स्वतःच स्वच्छ राखतो. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

२०१८ साली केरळमधील कोझिकोडे येथे निपाह विषाणूची साथ आली, तेव्हा पक्ष्यांनी वा वटवाघळांनी कुरतडलेली फळे टाळण्याची सूचना देण्यात आली. म्हैसूर जिल्ह्याची सीमा केरळच्या वायनाडला लागून आहे. हा विषाणू फळभक्षी वटवाघळांच्या लाळेतून पसरू शकतो; त्यात पोपटाचा दोष नाही. पण अर्धवट खाल्लेल्या फळावर खूण कोणाची, हे नेहमी ओळखता येत नाही, आणि म्हणून शुकमुखाचा जुना अपवाद येथे टिकत नाही.

शुचितेचा विचार तोंडाची योग्यता ठरवतो. स्वच्छतेचा विचार कोणता जंतू कोठून कोठे जातो हे पाहतो. दुसरा विचार सांगताना पहिल्याचीच भाषा वापरली, तर आरोग्याची सूचना सहज विटाळाचा निवाडा होऊन बसते. 'उच्छिष्ट', 'उष्टे' आणि 'दूषित' या तीन शब्दांमधील अंतर राखणे हे म्हणूनच अनुवादकाचे आणि तौलनिक अभ्यासकाचेही काम ठरते.